मिरची चालली परदेशी, लॉरीने नव्हे, रेल्वेने

मलकपेठच्या बाजारात मिरची-कांदा घेताना आपण भाव विचारतो. पण तो माल किती लांबून आला आणि आणणाऱ्याला किती शीण पडला, हे सहसा मनात येत नाही. ज्यांची गावी शेती आहे किंवा ज्यांच्या घरातले कोणी लॉरीवर आहे, त्यांना मात्र हा प्रश्न रोजचा आहे. म्हणून या वेळी लांबच्या वाहतुकीविषयी थोडी माहिती.

आपल्या शेजारच्या गुंटूर भागातील वाळलेली मिरची बांगलादेशात जाते. पूर्वी व्यापारी व शेतकरी ती थोडी थोडी करून लॉरीने पाठवीत. वाट सुमारे तेराशे किलोमीटरची, आणि शेवटी पश्चिम बंगालमधील पेट्रापोलच्या सीमेवर लॉऱ्यांची रांग. २०२० च्या टाळेबंदीत ही वाट बंद झाली आणि माल अडकला.

मालगाडीने पाठवावे तर एका खेपेला १५०० टनांहून अधिक माल हवा. म्हणजे दहा टनी लॉऱ्या दीडशे! एवढा माल एका वेळी कोण आणणार? तेव्हा सिकंदराबादेत मुख्यालय असलेल्या दक्षिण मध्य रेल्वेच्या गुंटूर विभागाने मार्ग काढला. ५०० टनांपर्यंतचा माल नेणारी खास पार्सल गाडी देण्याचे ठरले. जुलै २०२० मध्ये गुंटूरजवळच्या रेड्डीपालेम स्थानकावरून सोळा डब्यांत ३८४ टन मिरची सीमेपलीकडे बेनापोलला पोहोचली. भारतीय रेल्वेची पार्सल गाडी देशाबाहेर जाण्याची ही पहिलीच वेळ. त्याच वर्षी मे महिन्यात लासलगावचा कांदाही मालगाडीने बांगलादेशातील दर्शना येथे गेला होता.

खर्चाचा हिशेब

रस्त्याने टनाला सुमारे ७००० रुपये पडत. या गाडीने ४६०८ रुपये पडले. म्हणजे क्विंटलमागे सुमारे २३९ रुपयांची बचत. मात्र शेतापासून स्थानकापर्यंतचे भाडे आणि तिथली हमाली धरूनच हिशेब करावा. जवळच्या पल्ल्याला लॉरीच सोयीची. रेल्वेचा फायदा दिसतो तो लांबच्या पल्ल्याला. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फार कमी जोरात फिरते, म्हणून तेवढ्याच मालाला इंधन कमी लागते. शिवाय पेट्रापोल-बेनापोल भागात दोन्ही देशांचे रूळ सारख्याच रुंदीचे आहेत, त्यामुळे सीमेवर माल उतरवून पुन्हा भरावा लागत नाही.

देहावरचा भार

लॉरी चालवणाऱ्या भावांची प्रकृती हाही हिशेबाचाच भाग आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांचे काम ठरवले होते. लांबच्या वाटेवर ते किती पाळले गेले, हे त्यांच्या घरच्यांना विचारावे. अपुरी झोप, अवेळी जेवण, सतत बैठक यांमुळे कंबरदुखी, मूळव्याध, रक्तदाब मागे लागतो. डुलकीने होणारे अपघात तर वेगळेच. डिझेलचा धूर कर्करोगाला कारण ठरतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ साली जाहीर केले. लांबचा पल्ला रेल्वेने घेतला आणि स्थानकापर्यंतची ने-आण लॉरीकडे राहिली, तर चालकाचे काम जात नाही आणि रात्री घरी पाठ टेकता येते.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

रेल्वे असो वा लॉरी, ओली मिरची भरू नये. दमट मिरचीवर बुरशी धरते आणि तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृताला घातक असते व शिजवूनही जात नाही. मिरची स्वच्छ ताडपत्रीवर वाळवावी. हलवल्यावर आतले बी खुळखुळले पाहिजे. वजन वाढावे किंवा मिरची मोडू नये म्हणून पोती भरताना पाणी शिंपडणे हा खाणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

दुसरे, एकट्याने डबा भरत नाही. गावातील दहा-वीस जणांनी माल एकत्र करावा, प्रत्येकाच्या पोत्यांवर खूण घालावी, वजनाची चिठ्ठी ठेवावी, आणि मगच स्थानकावरील पार्सल कचेरीत चौकशी करावी.

तिसरे, एकाच वाटेवर विसंबू नये. पेट्रापोलचा रेल्वेमार्ग बरीच वर्षे बंद राहिला तो २००१ साली उघडला. २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये बांगलादेशातील अशांततेमुळे मालगाड्या पुन्हा काही काळ थांबल्या. देशातले गिऱ्हाईक सोडू नये.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाऊदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीला आपले सामायिक घर म्हटले. त्या घरात धूर कमी व्हावा, शेतकऱ्याला चार पैसे उरावेत आणि चालकाला झोप मिळावी, या तिन्ही गोष्टी एका गाडीने साधत असतील, तर माल एकत्र करण्याचे कष्ट घ्यायला काय हरकत आहे?