एका अंथरुणाचे दोन धनी : प्रोग्रामच्या मेमरीचा हिशेब

मडगावहून गुजरातकडे निघालेली गाडी नवसारी सोडून सुरतेच्या जवळ येऊ लागली की सचिन, भेस्तान, उधना ही स्थानके ओळीने मागे पडतात. हा सगळा पट्टा सुरतेच्या कापड उद्योगाचा. यंत्रमाग, रंगाई-छपाईच्या गिरण्या, संगणकावर चालणारी भरतकामाची यंत्रे, आणि ती चालवणारे खानदेशातले, ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातले, उत्तर प्रदेश-बिहारमधले कामगार. या परिसरात घरदार मागे ठेवून एकट्याने आलेल्यांपैकी अनेकजण ‘मेस’मध्ये राहतात. माग बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतात; त्यामुळे मेसमधली अंथरुणाची एकच जागा दिवसपाळीचा आणि रात्रपाळीचा अशा दोघांच्या वाट्याला येते. एक उठून कामावर जातो, दुसरा कामावरून येऊन तिथेच पाठ टेकतो. ही सोय नव्हे, नाइलाज आहे. पण तो निभावतो तो नोंद चोख असेल तरच. कोणती जागा कोणाची, कोण गावी गेला, कोण परतला, यात चूक झाली की एका अंथरुणाचे दोन धनी होतात.

संगणकाच्या प्रोग्राममध्येही अशीच एक नोंदवही असते. ती सांभाळणाऱ्या भागाला ‘मेमरी अ‍ॅलोकेटर’, म्हणजे मेमरीचा वाटपकर्ता, म्हणतात. प्रोग्राम लिहिणाऱ्यांपैकीही अनेकांचा त्याच्याशी थेट परिचय नसतो, कारण तो निमूटपणे काम करतो. त्याची आठवण होते ती प्रोग्राम अचानक कोसळल्यावर किंवा सर्व्हरची मेमरी दिवसेंदिवस फुगत चालल्यावर.

त्याचे काम घाऊक आणि किरकोळ व्यापाराच्या मधल्या दुकानदाराचे आहे. ऑपरेटिंग सिस्टिम मेमरी देते ती ‘पाना’च्या मापाने, नेहमीच्या संगणकांवर एक पान ४ केबीचे, म्हणजे ४०९६ बाइटचे असते. प्रोग्रामला मात्र कुठे २४ बाइट हवे असतात, कुठे ३००. वाटपकर्ता घाऊक माल उचलतो, त्याचे तुकडे पाडतो, मागेल त्याला देतो, आणि परत आलेला तुकडा पुढच्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवतो. सी भाषेत मागणीचा शब्द ‘मॅलॉक’, परत करण्याचा शब्द ‘फ्री’. डग ली यांनी १९८७पासून लिहिलेला वाटपकर्ता या क्षेत्रात आदर्श ठरला. त्याचेच एकाच वेळी अनेक कामे करणाऱ्या प्रोग्रामांसाठी सुधारलेले रूप लिनक्सच्या ‘जीलिबसी’ या मूळ ग्रंथालयात आले. पुढे जेसन इव्हान्स यांचा ‘जेईमॅलॉक’ आला. गुगलच्या ‘टीसीमॅलॉक’च्या दोन मूळ लेखकांपैकी एक, संजय घेमावत, राजस्थानातल्या कोट्यात वाढलेले आहेत.

व्यवहार इतका सरळ असताना घोळ कुठे होतो? तुकडा मागितला आणि परत करायचे राहिले, की मेमरी गळते. परत केलेला तुकडा नंतरही वापरला, तर तोवर तिथे आलेल्या दुसऱ्याच माहितीवर पाय पडतो. एकच तुकडा दोनदा परत केला, तर वहीत तो दोनदा रिकामा दिसतो आणि पुढे दोघांना मिळतो. मिळालेल्या जागेपेक्षा लांब पाय पसरले, तर शेजाऱ्याची माहिती बिघडते. या चुकांमधली खरी अडचण अशी की चूक होते एका ठिकाणी आणि बोंब होते दुसऱ्याच ठिकाणी, कधी कधी तर काही आठवड्यांनी. कोसळलेला भाग बहुधा निरपराध असतो.

लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने २६ ऑक्टोबर १९९२ रोजी रुग्णवाहिका पाठवण्याचे काम नव्या संगणक यंत्रणेकडे सोपवले आणि पहिल्या दोन दिवसांतच गोंधळ उडाला. त्याची कारणे अनेक होती. त्यानंतर कसेबसे स्थिरावलेले काम ४ नोव्हेंबरच्या पहाटे पुन्हा मंदावले आणि शेवटी ठप्प झाले. चौकशीत जे आढळले ते फारच क्षुल्लक दिसणारे होते. सुमारे तीन आठवड्यांपूर्वी यंत्रणेत काही काम करताना कोडचा एक तुकडा चुकून तसाच राहिला होता. प्रत्येक गाडी रवाना करताना तो सर्व्हरची थोडीशी मेमरी घेई आणि परत करत नसे. एका वेळचा ऐवज नगण्य, पण लंडनसारख्या शहरात दिवसभरात किती गाड्या सुटतात! तीन आठवड्यांत मेमरी संपली. पर्यायी व्यवस्थाही कामाला आली नाही आणि कर्मचाऱ्यांना कागद-पेन्सिलीकडे वळावे लागले. हा प्रोग्राम तासाभराच्या चाचणीत शंभर टक्के उत्तीर्ण झाला असता. मागासारखा पाळीमागून पाळी अखंड चालणारा प्रोग्राम तासाभरात तपासता येत नाही, एवढे तरी त्या पहाटेवरून घ्यायला हवे.

मात्र मेमरी वाढते म्हणजे गळतेच, असे नाही. इथे अनेकांची फसगत होते. सुरतेच्या कापडबाजाराचेच उदाहरण घ्या. दुकानात उरलेले तुकडे मोजले तर चाळीस मीटर भरतात, पण प्रत्येक तुकडा दोन-दोन मीटरचा. साडीला साडेपाच मीटर सलग कापड लागते. माल आहे, पण साडी एकही निघत नाही. मेमरीच्या या अवस्थेला ‘फ्रॅगमेंटेशन’, म्हणजे विखंडन म्हणतात. रिकाम्या जागा एकीकडे सरकवून सलग का करत नाहीत, असा प्रश्न साहजिक आहे. जावासारख्या भाषांत तसे करता येते. सी आणि सी प्लस प्लसमध्ये मात्र प्रोग्रामच्या इतर भागांनी त्या जागांचे पत्ते थेट टिपून ठेवलेले असतात; घर हलवले तर सगळे पत्ते खोटे ठरतात. मोझिलाने २००८मध्ये फायरफॉक्स ३ आणताना जेईमॅलॉक स्वीकारला तो प्रामुख्याने हे विखंडन कमी करण्यासाठी.

तिसरे कारण साठेबाजीचे. प्रोग्राममध्ये एकाच वेळी अनेक धागे, म्हणजे ‘थ्रेड’, काम करत असतील आणि वही एकच असेल, तर तिच्यासमोर रांग लागते. म्हणून जीलिबसी अनेक वह्या उघडते. त्यांना ‘अरीना’ म्हणतात. ६४-बिट यंत्रावर त्यांची कमाल संख्या प्रोसेसर-गाभ्यांच्या आठपट ठरलेली आहे. ३२ गाभ्यांच्या सर्व्हरवर ती २५६ होते. प्रत्येक अरीना आपापला रिकामा माल जवळ बाळगतो. एकाकडचा दुसऱ्याला सहसा मिळत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, प्रोग्राम गळतो आहे. प्रत्यक्षात गळती कुठेच नसते. प्रोग्राम सुरू करण्यापूर्वी ‘मॅलॉक अरीना मॅक्स’ ही सेटिंग २ किंवा ४ वर आणली की फुगवटा पुष्कळदा उतरतो. त्याची किंमतही असते: वह्या कमी म्हणजे रांगा लांब. आपल्या कामात वेग महत्त्वाचा की जागा, हे मोजूनच ठरवावे. दुसऱ्या कोणाला लाभलेला आकडा उचलून डकवू नये.

म्हणून दोष शोधायला बसणाऱ्याने आधी काळानुसार मेमरीचा आलेख काढावा. काम तेच, भार तोच, आणि आलेख चढून एका उंचीवर सपाट झाला, तर ती बहुधा साठेबाजी किंवा विखंडन. दिवसामागून दिवस तो त्याच उताराने चढतच राहिला, तर गळतीचा संशय घ्यावा. हे न पाहता थेट कोड चाळायला बसणे म्हणजे ताप न मोजताच औषध देणे.

दूषित मेमरी पकडायला वेगळी हत्यारे आहेत. २००२मध्ये पहिल्यांदा आलेले ‘व्हॅलग्रिंड’ प्रोग्रामच्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवते; प्रोग्राम मात्र वीस-तीस पट मंदावू शकतो. गुगलच्या अभियंत्यांनी केलेला ‘अ‍ॅड्रेस सॅनिटायझर’ साधारण दुपटीवर काम भागवतो. त्याची युक्ती मेसच्या भाषेत सांगता येईल. दर दोन अंथरुणांमध्ये एक पट्टा मुद्दाम रिकामा ठेवायचा. त्यावर कोणाचा पाय आला की तो लगेच हेरता येतो. आणि कोणी जागा सोडली की ती लगेच दुसऱ्याला न देता काही काळ कुलूपबंद ठेवायची. जुना धनी सवयीने परत आला की दारातच सापडतो. इतकी चैन मेसला परवडणार नाही आणि रोजच्या वापरातल्या प्रोग्रामलाही नाही. चाचणीच्या वेळी मात्र ती करायलाच हवी.

जीलिबसीच्या स्वतःच्या तपासण्याही आहेत, पण तिथे एक मेख आहे. २०२१च्या २.३४ या आवृत्तीपासून ‘मॅलॉक चेक’सारख्या तपासण्या मुख्य ग्रंथालयातून काढून वेगळ्या ग्रंथालयात ठेवण्यात आल्या. ते ग्रंथालय प्रोग्रामबरोबर आधी चढवले नाही, तर जुन्या पुस्तकात वाचून केलेली सेटिंग काहीच करत नाही आणि तसे सांगतही नाही. दोष सापडला नाही, म्हणून दोष नाही, असा समज करून माणूस घरी जातो.

वाटपकर्त्यालाच बगल देण्याचे परिणाम जगाने एप्रिल २०१४मध्ये पाहिले. इंटरनेटवरचे व्यवहार गुप्त ठेवणाऱ्या ‘ओपन-एसएसएल’मधला ‘हार्टब्लीड’ दोष तेव्हा उघड झाला. मागितलेल्या मापाची खातरजमा न करता हा प्रोग्राम शेजारच्या मेमरीतली माहिती, प्रसंगी पासवर्ड आणि गुप्त किल्ल्यासुद्धा, परक्याच्या हाती देत होता. चूक माप न तपासण्याची होती. पण ओपन-एसएसएलने वेगासाठी परत आलेले तुकडे स्वतःच्या खासगी यादीत ठेवण्याची रीत पाडली होती, त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिमच्या वाटपकर्त्याची संरक्षणे निरुपयोगी ठरत. खासगी वही ठेवणाऱ्याने पहारेकरीही स्वतःचाच ठेवायला हवा, तो नव्हता.

वाटपकर्त्याची मांडणी करताना सर्वांत कमी विचार होतो तो एका साध्या प्रश्नाचा: मागितलेली जागा उरलेलीच नसेल तर काय करायचे? ‘नाही’ असे उत्तर द्यायचे आणि पुढचे मागणाऱ्याने पाहायचे, की मागणाऱ्यालाच जागच्या जागी थांबवायचे? नासाचे ‘स्पिरिट’ हे फिरते यान ४ जानेवारी २००४ रोजी मंगळावर उतरले आणि २१ जानेवारीला त्याचे नीट संदेश येणे बंद झाले. यान स्वतःला पुन्हा पुन्हा नव्याने सुरू करत होते. त्याच्या फ्लॅश साठवणीत प्रवासापासूनच्या फाइली साचल्या होत्या आणि त्यांची यादी कामाच्या मेमरीत ठेवावी लागे. फाइली वाढल्या, यादी वाढली, मेमरी संपली. त्यात वाटपकर्त्याची एक सेटिंग अशी राहिली होती, की मेमरी न मिळाल्यास मागणारे काम ‘नाही’ ऐकून सावरण्याऐवजी जिथल्या तिथे गोठे. काम गोठले की यान पुन्हा सुरू होई, पुन्हा तीच यादी वाचू लागे, पुन्हा गोठे. रात्री झोपायचे ते यान जागे राहून बॅटरी रिकामी करत होते.

दुरुस्तीला कोणी जाण्याचा प्रश्नच नव्हता. अभियंत्यांनी पृथ्वीवरून आज्ञा पाठवून यानाला फ्लॅश साठवण न वाचताच सुरू व्हायला लावले, कारण शोधले, जुन्या फाइली काढल्या आणि पुढे साठवण पुसून नव्याने आखली. फेब्रुवारीच्या सुरुवातीला यान पुन्हा कामाला लागले. ९० मंगळदिवसांसाठी धाडलेल्या स्पिरिटचा शेवटचा संदेश आला तो २२ मार्च २०१० रोजी.