घोषणा आणि खातरजमा

‘विश्वास पानिपतावरच गेला’, असे मराठीत म्हटले जाते. १७६१ च्या युद्धात पेशव्यांचा पुत्र विश्वासराव धारातीर्थी पडला. त्याच्या नावावरील श्लेषातून हे वचन रूढ झाले. व्यवहारात मात्र विश्वासावाचून पान हलत नाही. शेअरबाजारात तर हे विशेषच जाणवते. आठवडी बाजारात बैल घेणारा शेतकरी त्याचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो. कंपनीचा समभाग विकत घेणाऱ्याला मात्र तिचा कारखाना दिसत नाही, हिशेबाच्या वह्या हाताळता येत नाहीत. कंपनी जे जाहीर करते, त्यावरच त्याला विसंबावे लागते. मोठ्या कंपन्यांवर वार्ताहरांची आणि अभ्यासकांची नजर असते. लहान कंपनीविषयी मात्र तिचे स्वतःचे निवेदन हाच बहुधा माहितीचा एकमेव आधार असतो. म्हणूनच त्या निवेदनातील प्रामाणिकपणाला मोल आहे.

कॅनडातील कॅलगरी शहरातील ब्रे-एक्स ही अशीच एक लहान खाणकंपनी होती. १९९३ साली तिने इंडोनेशियातील बुसांग या जंगलमय भागात सोन्याचा शोध सुरू केला. जमिनीत खोल छिद्रे घेऊन खडकाचे दंडगोलाकार नमुने काढले जात आणि ते प्रयोगशाळेकडे पाठवले जात. त्यांच्या आधारे कंपनी सोन्याच्या साठ्याचे अंदाज जाहीर करी. १९९५ मध्ये ३ कोटी औंस, १९९६ मध्ये ६ कोटी, १९९७ च्या आरंभी ७ कोटी, असे हे आकडे फुगत गेले. प्रत्येक घोषणेबरोबर समभागाचा भाव चढला आणि कंपनीचे बाजारमूल्य सुमारे ६ अब्ज कॅनेडियन डॉलरवर पोहोचले.

खाणव्यवसायात एक साधा संकेत पाळला जातो. खडकाचा नमुना उभा चिरून अर्धा भाग तपासणीस पाठवायचा आणि अर्धा जपून ठेवायचा. पुढे शंका उद्भवली, तर दुसऱ्या कोणालाही तो तपासता येतो. बुसांगमध्ये बहुतेक नमुने संपूर्णच भुकटी करून पाठवले गेले. त्यामुळे फेरतपासणीची वाटच खुंटली. प्रयोगशाळेने आपले काम चोख केले. समोर आलेल्या भुकटीत सोने होते, ते तिने मोजले. परंतु ते सोने त्या भुकटीत आले कोठून, हा प्रश्न वेळीच विचारला गेला नाही. सल्लागारांनी कंपनीवर विश्वास ठेवला, दलालांनी सल्लागारांवर आणि सामान्य माणसांनी दलालांवर. ‘आपण पाहिले नाही, तरी दुसऱ्या कोणी पाहिलेच असेल’, असे जो तो समजत राहिला.

१९९७ मध्ये भागीदारीसाठी पुढे आलेल्या फ्रीपोर्ट-मॅकमोरान या मोठ्या कंपनीने तेथे स्वतः छिद्रे घेतली. २६ मार्च रोजी तिचा निष्कर्ष जाहीर झाला. सोने जवळजवळ नव्हतेच. मे महिन्यात स्ट्रॅथकोना या स्वतंत्र तज्ज्ञसंस्थेने स्पष्ट केले, की नमुन्यांमध्ये बाहेरून सोने मिसळण्यात आले होते. समभाग मातीमोल झाले. सामान्य कुटुंबांची बचत बुडाली. शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीलाही झळ बसली. या प्रकरणात कोणालाही शिक्षा झाली नाही. खटला भरलेला एकमेव अधिकारी २००७ मध्ये निर्दोष सुटला. मात्र खाणकंपनीच्या तांत्रिक घोषणेमागे पात्र तज्ज्ञाची जबाबदारी असलीच पाहिजे, असा नियम कॅनडात २००१ साली लागू झाला.

या घटनेतून प्रामाणिकपणाचा एक व्यापक अर्थ हाती येतो. जाणूनबुजून खोटे बोलणे हा अपराध आहेच. परंतु जे तपासणे शक्य होते, ते न तपासता ठामपणे सांगणे हाही लोकांचा विश्वासघातच होय. ‘करार झाला’ आणि ‘बोलणी सुरू आहेत’ या दोन वाक्यांत फार अंतर आहे. सचोटीची कंपनी वस्तुस्थिती, अंदाज आणि आशा यांची गल्लत करत नाही. चांगली वार्ता ज्या तत्परतेने सांगते, त्याच तत्परतेने ती वाईट वार्ताही सांगते.

भारतात ‘सेबी’ या संस्थेला १९९२ साली वैधानिक अधिकार मिळाले. महत्त्वाची माहिती शेअरबाजाराला विनाविलंब कळवणे नोंदणीकृत कंपन्यांवर बंधनकारक आहे. लहान व मध्यम उद्योगांसाठी २०१२ मध्ये मुंबईच्या दोन्ही शेअरबाजारांत स्वतंत्र दालने सुरू झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये सेबीने या दालनांबाबत गुंतवणूकदारांना सावध केले. काही कंपन्या व त्यांचे प्रवर्तक आशादायक घोषणा करून उजळ चित्र उभे करतात आणि भाव चढताच प्रवर्तक आपले समभाग विकून मोकळे होतात, असे तिने निदर्शनास आणले.

शेअरबाजार घोषणा प्रसिद्ध करतो. तिच्या सत्यतेची हमी देत नाही. म्हणून दक्षतेचा काही भार वाचकावरही येतो. ऐकीव गोष्टींवर न विसंबता त्याने मूळ निवेदन वाचावे. मागील वर्षीच्या घोषणांचे पुढे काय झाले, प्रवर्तक स्वतः समभाग विकत तर नाहीत ना, हे पाहावे. आणि मुख्य म्हणजे, ‘हे कोणी तपासले?’ असे विचारावे. बुसांगमध्ये अर्धा नमुना राखून ठेवायला फारसा खर्च आला नसता. तो राखलेला नाही, हे पाहून वेळीच कोणी हा प्रश्न विचारला असता, तर हजारो लोकांची पुंजी वाचली असती.