उभ्या पिकअपचा गिअर उशिरा का लागतो?

बोर्ली पंचतनसारख्या किनारी गावी नारळ-सुपारी वाहणारी पिकअप पावसाळ्यात पुष्कळ दिवस उभी राहू शकते. स्वयंचलित गिअरची गाडी अशा विसाव्यानंतर गिअर टाकूनही काही क्षण हलत नाही. याचे सर्वसाधारण कारण असे की, टॉर्क कन्व्हर्टरमधील तेल हळूहळू गिअरबॉक्सच्या तळाशी उतरते. ते पुन्हा भरून दाब येईपर्यंत गिअर लागत नाही. अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबू नये. गिअर एकाएकी लागून गाडी झेपावते व समोरील माणसास इजा होण्याचा संभव असतो. ब्रेक लावून इंजिन न्यूट्रलमध्ये मिनिटभर चालू ठेवावे.

विलंब पहिल्याच वेळी होत असेल, तर दोष बहुधा किरकोळ समजावा. तो वारंवार होत असल्यास पुस्तिकेप्रमाणे तेलाची पातळी तपासावी. तेल कमी असल्यास गळती शोधावी. काळे पडून जळका वास येत असल्यास गाडी कारागिरास दाखवावी.