नव्या मत्स्यालयासाठी वाळूची मशागत

नागपूर परिसरातील अनेक घरांतून शोभिवंत मासे पाळण्याची आवड वाढत आहे. काही कुटुंबे जोडधंदा म्हणूनही या मत्स्यपालनाकडे वळतात. परंतु हौसेने आणलेले मासे पहिल्या पंधरवड्यातच दगावतात, असा पुष्कळांचा अनुभव आहे. दोष बहुधा माशांना दिला जातो. त्याचे मूळ मात्र अनेकदा तळाच्या वाळूत आणि आपल्या घाईत असते. पेरणीपूर्वी जशी जमिनीची मशागत, तशीच मासे सोडण्यापूर्वी वाळूची मशागत अगत्याची होय.

वाळूची निवड

या भागात बांधकामासाठी कन्हान नदीची वाळू परिचित आहे. सातपुड्यातून येणाऱ्या या नदीच्या खोऱ्यात संगमरवरी दगडांचे पट्टे आहेत. शिवाय काळ्या जमिनीतील चुनखडीचे खडेही ओढ्या-नाल्यांवाटे वाळूत मिसळतात. चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळून पाणी जड करते. म्हणून चमचाभर कोरड्या वाळूवर व्हिनेगर टाकून पाहावे. बुडबुडे उठल्यास ती वाळू वापरू नये. दाणे साधारण एक ते दोन मिलिमीटर जाडीचे व गोलसर असावेत. टोकदार दाण्यांनी तळाशी चरणाऱ्या माशांच्या मिशा झिजतात. नदीपात्रातून परस्पर वाळू उचलू नये. परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावी.

मोजमाप व धुलाई

साठ सेंटिमीटर लांब व तीस सेंटिमीटर रुंद पेटीत सरासरी पाच सेंटिमीटर थर देण्यास सुमारे ९ लिटर, म्हणजे १४ ते १५ किलो वाळू लागते. प्रथम ती चाळून खडी व काडीकचरा काढावा. नंतर बादली एक-तृतीयांश भरून, पाणी ओतून हाताने ढवळावे आणि गढूळ पाणी काढून टाकावे. पाणी निवळ येईपर्यंत हे दहा-पंधरा वेळाही करावे लागेल. कंटाळा करू नये. साबण किंवा सोडा मुळीच वापरू नये. धुतलेली वाळू वीस मिनिटे उकळून थंड करावी.

थर देणे व पाणी भरणे

थर पुढे चार व मागे सहा सेंटिमीटर ठेवावा, म्हणजे कचरा पुढच्या बाजूस जमतो व सहज काढता येतो. बारीक वाळूचा थर याहून फार जाड केल्यास तळाशी हवा पोचत नाही व सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागतो. वाळूवर बशी ठेवून तिच्यावर हळूहळू पाणी सोडावे, म्हणजे थर विसकटत नाही. क्लोरीनयुक्त नळाचे पाणी निदान एक दिवस उघड्या भांड्यात ठेवूनच वापरावे.

धीराचे फळ

आता खरी परीक्षा आहे. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो त्यांना विषारी असतो. शेतातील मातीप्रमाणेच वाळूच्या दाण्यांवरही उपयुक्त जिवाणू वाढतात. ते अमोनियाचे नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र बरेच कमी अपायकारक असून पाणवनस्पती ते शोषून घेतात. हे जिवाणू पुरेसे वाढण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणवनस्पती लावाव्यात, प्रारंभी दोन-तीनच काटक मासे सोडावेत, खाद्य अगदी थोडे द्यावे आणि दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे. एकदा बसलेली वाळू पुन्हा उपसून धुऊ नये. तसे केल्यास जिवाणूही वाहून जातात.

नागपूरच्या कडक उन्हाळ्यात तर अधिकच सावध असावे, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि अमोनियाचा विषारीपणाही वाढतो. शक्यतो मत्स्यालयाचा आरंभ हिवाळ्यातच करावा. महिनाभराचा धीर धरणाऱ्यास मासे गमावण्याचे दुःख व खर्च दोन्ही टाळता येतील.