वायफाय बंद, दार उघडं!

व्हॉट्सॲपशिवाय किती तास राहू शकता? न्यू-ओलेसुंदला गेलात तर मोबाइल फ्लाइट मोडवर, वायफाय-ब्लूटूथही बंद. नॉर्वेच्या स्वालबार्डमधलं हे इवलंसं गाव. उत्तर ध्रुव इथून साधारण 1200 किलोमीटर. इथली रेडिओ दुर्बीण अंतराळातून येणाऱ्या अगदी क्षीण लहरी टिपते, त्यात आपल्या फोनची लुडबुड नको. मेल बघायचा तर केबल जोडून.

भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र 2008 पासून इथेच आहे. कारभार गोव्यातून, वास्कोहून चालतो. जेवायला मात्र सगळ्या देशांची मंडळी एकाच मेसमध्ये. आत शिरताना बूट काढायचे (कोळसा खाणीच्या दिवसांतली पद्धत, आपल्याला काय नवीन!). दारांना कुलूप नाही. पांढरं अस्वल दिसलं, तर मिळेल त्या दारात घुसायचं. गावाबाहेर यंत्रं तपासायला निघालात, तर सोबत रायफल हवी आणि ती चालवायचं ट्रेनिंगही.

पूर्वी आपल्या टीम्स मुख्यतः उन्हाळ्यात जायच्या. डिसेंबर 2023 पासून हिवाळ्यातही जायला लागल्या. तेव्हा सूर्य उगवतच नाही, भरदुपारी हेडलॅम्प! एवढा आटापिटा कशाला? शेजारचा कोंग्सफ्योर्ड एकेकाळी हिवाळ्यात गोठायचा, आता बराचसा मोकळाच राहतो. हे का होतंय, ते हिवाळ्यातच जाऊन बघावं लागतं.