परसांतील वसंत

वसंतास ऋतुराज म्हणण्याचा प्रघात आपल्याकडे फार जुना आहे. परंतु वऱ्हाडांतील शेतकऱ्यास विचारिलें तर हा राजा मोठा कडक आहे, असेंच तो सांगेल. फाल्गुनांत पळस फुलतो, काटेसावरीचीं लाल फुलें निष्पर्ण फांद्यांवर दिसूं लागतात, आणि चैत्राचा पाडवा उजाडतो न उजाडतो तोंच विहिरीचें पाणी दिवसागणिक खालीं जाऊं लागतें. गहूं-हरभरा घरीं आलेला असतो, पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात, आणि दृष्टि जाईल तिकडे काळें रान तापत पडलेलें असतें. अशा दिवसांत घराच्या मागील दारीं चार झाडें हिरवीं असावींत, आणि दिवेलागणीच्या वेळीं त्यांतील एकावर पांढऱ्या कळ्या उमलाव्यात, यांत केवढें सुख आहे हें ज्यानें अनुभविलें त्यासच ठाऊक. त्या सुखाविषयीं, आणि तें मिळविण्यास लागणाऱ्या अल्पशा विद्येविषयीं, आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

फुलझाडें लावणें ही शहरांतील सवडीच्या लोकांची हौस आहे, असें आपल्यांतील पुष्कळांस वाटतें. पंधरा-वीस एकरांच्या धन्याचें अंगण पाहावें तर एक तुळस आणि एखादी किडलेली जास्वंद, यापलीकडे तेथें कांहीं आढळत नाहीं. मीही याच मताचा होतों. वरूड भागांत आमचा संत्र्यांचा बगीचा आहे. त्याची निगा तें माझें काम, आणि परसांतला मोगरा हें आईचें खातें. तिनें तो माहेराहून आणून न्हाणीच्या पाण्यावर वाढविला होता. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास येणाऱ्या प्रत्येक सुवासिनीच्या हातीं भिजविलेल्या हरभऱ्यांबरोबर त्या मोगऱ्याचीं चार फुलें पडत. गांवांतील कित्येक घरांत त्या सायंकाळीं आमच्याच परसाचा वास दरवळे.

आई गेली त्या वर्षीं मीं मनाशीं ठरविलें कीं, या झाडाची हयगय होऊं द्यावयाची नाहीं. बगीच्यांत ठिबक होतेंच. त्याची एक नळी परसांत आणिली आणि मोगऱ्यास बारा महिने पाणी सुरू केलें. शिवाय अधूनमधून युरियाची मूठ. झाड असें माजलें कीं पाहणाऱ्यानें कौतुक करावें! परंतु चैत्र आला आणि गेला. फुलें मिळालीं तीं ओंजळभरही नव्हतीं. दुसऱ्या वर्षीं तोच प्रकार झाला. हळदीकुंकवासाठीं बाजारांतून गजरे आणावे लागले. घरांतील कोणी कांहीं बोललें नाहीं; पण ती गोष्ट माझ्या मनास फार लागली. आईनें पाण्याच्या टंचाईंत फुलविलेलें झाड मीं मुबलक पाण्यांत वांझ करून ठेविलें होतें.

त्याच वर्षीं पौषांत, आमच्या बगीच्यांत पूर्वीं पुष्कळ वर्षें राबलेले एक वृद्ध गृहस्थ घरीं आले. झाडाकडे पाहून ते हंसले आणि म्हणाले, “भाऊ, संत्र्याले तान देता न तुमी? मंग या मोगऱ्यालेच कावून बारा महिने पानी पाजता?”

त्या प्रश्नानें मी वरमलों. आंबिया बहार धरणारा प्रत्येक बागाईतदार ही गोष्ट जाणतो. डिसेंबरांत संत्र्याचें पाणी तोडावयाचें. पानें मलूल दिसूं लागलीं म्हणजे जानेवारीच्या मध्यास आळीं चाळून, खत घालून हलकें पाणी सोडावयाचें. मग नवी पालवी आणि फूल बरोबरच येतें. पाणी तुटलें म्हणजे झाडाची शेंडेवाढ थांबते, पानांनीं तयार केलेलें अन्न फांद्यांत सांठतें, आणि पुन्हां ओल मिळतांच तें फुलाच्या कामीं येतें. पाणी आणि नत्र अखंड मिळत राहिलें तर झाड पानांतच रमतें. हीच विद्या मी शेकडों झाडांवर दरसाल चालवीत होतों. ती बगीच्यांतून परसापर्यंत आणण्याचें मात्र मला सुचलें नव्हतें.

मोगऱ्याचें फूल नव्या फुटीच्या शेंड्यास येतें. म्हणून त्यास ताणाच्या जोडीला छाटणीही लागते. पद्धति सोपी आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस पाणी बंद करावें. डिसेंबरच्या उत्तरार्धांत किंवा जानेवारीच्या आरंभीं झाड जमिनीपासून सुमारें दीड फुटावर छाटावें. वाळलेल्या, रोगट व एकमेकींत गुंतलेल्या काड्या बुडापासून काढाव्यात आणि राहिलेलीं जुनीं पानें हातानें उतरवावींत. बुडाभोंवतालची माती चार बोटें उकरून आठवडाभर तिला ऊन लागूं द्यावें. मात्र जाड मुळांस इजा होतां कामा नये. नंतर दोन घमेलीं चांगलें कुजलेलें शेणखत मिसळून आळें बांधावें व पाणी द्यावें. प्रथम बेताचें, आणि कळी दिसूं लागली म्हणजे मुबलक. कुंडींतील झाडास, अथवा दोन वर्षांच्या आंतील रोपास, असा कडक ताण देऊं नये. कुंडींत माती थोडी. ती लवकर वाळते आणि झाड हातचें जातें.

त्या वर्षीं मीं वेळ थोडी टळलेली असूनही एवढें सर्व केलें. छाटलेलें झाड पाहून घरांतील मंडळींस वाईट वाटलें. मलाही धास्ती होतीच. फेब्रुवारींत काड्यांवर तांबूस-हिरवे कोंब आले. तिकडे बगीच्यांत संत्र्याचा फुलोरा ओसरला, आणि इकडे परसांत मोगऱ्यास कळी धरली. चैत्रगौरीच्या दिवशीं पहिली परडी भरली, तेव्हां ती कोणीं देव्हाऱ्यापुढें न नेतां आधीं आईच्या तसबिरीपुढें नेऊन ठेविली.

आतां पाण्याविषयीं. वरूड-मोर्शीकडे उपशामुळें भूजल फार खोल गेलें आहे. तेव्हां परसासाठीं निराळें पाणी कोठून आणावें, हा प्रश्न रास्त आहे. याचें उत्तर न्हाणींत आहे. घरांत ५ माणसें असलीं आणि प्रत्येकामागें १५ लिटरांची एकच बादली वाहून गेली, तरी रोजचें ७५ लिटर पाणी होतें. लहानशा परसास तें पुरतें. मात्र कपडे धुतलेलें पाणी यांत मिसळूं नये. धुण्याच्या पावडरींतील सोडियमचे क्षार आपल्या काळ्या चिकण मातींत सांठले म्हणजे माती घट्ट बसते व मुळांस हवा मिळत नाहीं. आळ्यांत गव्हाचा भुसा अथवा वाळलेला पाला चार बोटें अंथरावा आणि पाणी सायंकाळीं द्यावें. वैशाखाच्या उन्हांतही खालची माती ओलसर राहते.

या पाण्यावर आणखी तीन-चार झाडें सुखानें नांदतात. सांडपाण्याच्या अगदीं तोंडाशीं अळू व केळ लावावी; त्यांस सतत ओल मानवते. त्यापुढें कढीलिंब, ज्यास आम्ही गोडलिंब म्हणतों. पावसाळ्यांत पिकलेलीं त्याचीं काळीं फळें मिळतांच बी धुऊन लगेच पेरावें. ठेवून दिलेलें बी उगवत नाहीं. हें झाड संत्र्याच्याच कुळांतलें असल्यामुळें लिंबूवर्गीय झाडांचीं पानें खाणारी फुलपांखराची अळी यावरही येते. ती हातानें वेंचावी. जास्वंदीवर पांढऱ्या पिठ्या ढेंकणाचा उपद्रव होतो, आणि त्याच्या मधासारख्या स्रावासाठीं मुंग्या त्यास राखतात. तेव्हां मुंग्यांचा माग काढावा, किडके शेंडे कापून जाळावेत व पाण्याच्या जोरदार धारेनें झाड धुवावें. तुळशीच्या मंजिऱ्या वेळेवर खुडल्या म्हणजे ती बीं धरून लवकर वाळत नाहीं. रोज सकाळीं पाव घटका या फेरींत गेली, तर ती वायां गेली असें मला अलीकडे वाटत नाहीं. बगीच्यांत मी झाडांचा हिशेब करतों; परसांत झाडांस नुसतें पाहतों.

पालघर जिल्ह्यांतील विक्रमगड-जव्हारकडील शेतकरी मोगऱ्याच्या कळ्या मुंबईस दादरच्या फूलबाजारांत पाठवून चार पैसे मिळवितात. आपणांपैकीं बहुतेकांस तसा व्यापार करावयाचा नाहीं; आपलें उत्पन्न निराळें आहे. पावसाळ्यांत मोगऱ्याची खालची लवचिक फांदी वांकवून, पेऱ्यापाशीं थोडी साल काढून मातींत दाबिली, तर दीड-दोन महिन्यांत तिला मुळें फुटतात आणि कलम वेगळें करितां येतें. आमच्या झाडाचीं अशीं तीन कलमें आज गांवांत तीन परसांत आहेत. त्यांतील एक त्या वृद्ध गृहस्थांच्या दारापुढें लाविलें आहे, आणि तें आमच्या झाडाच्या आधीं चार दिवस फुलतें!

ज्या बंधूंच्या घरीं हिरवागार पण न फुलणारा मोगरा असेल, त्यांनीं नवें रोप आणण्याची घाई करूं नये. येत्या मार्गशीर्षांत त्याचें पाणी तोडावें, पौषांत छाटणी करावी, आणि चैत्राची वाट पाहावी.