दिली ती राहिली

आमच्या मालेगावात शुक्रवार हा दिवस कानांनी ओळखता येतो. इतर सहा दिवस यंत्रमागांची खटखट गावाच्या अंगात इतकी मुरलेली असते, की ती चालू आहे हे आम्हाला कळतही नाही. बाहेरगावचा पाहुणा पहिल्या रात्री कूस बदलत राहतो आणि सकाळी विचारतो, “तुम्हाला झोप तरी कशी लागते हो?” पण शुक्रवारी माग बंद असतात आणि मोसम नदीच्या दोन्ही काठांवर एक निराळीच शांतता उतरते. ही शांतता वाया घालवायची नाही, असे आम्ही सात-आठ मंडळींनी फार वर्षांपूर्वी ठरवले. दर शुक्रवारी रात्री जेवणे आटोपली की संगमेश्वरातल्या एका वकीलकाकांच्या माडीवर आम्ही जमतो आणि गाणे ऐकतो.

गाणे ऐकतो म्हणजे गवई समोर नसतो. समोर असतो एक जुना टेपरेकॉर्डर, आणि अलीकडे त्याच्या शेजारी पुतण्याचा संगणक. मात्र आम्ही ऐकतो ती बाजारात मिळणारी ध्वनिमुद्रिका नव्हे. कुणाच्या वाड्यात, कुठल्या देवळात, कुठल्या महोत्सवात प्रत्यक्ष झालेली, आणि तिथे बसलेल्या एखाद्या वेड्या माणसाने फितीवर उतरवून घेतलेली मैफल आम्ही ऐकतो. आमच्यात एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत, एक औषधांचे दुकानदार आहेत, एक गणिताच्या शिक्षिका आहेत, आणि मराठी शिकवणारा मी आहे. प्रत्येकाने आपापली आवडती मैफल आणायची, ती का आवडते हे दोन वाक्यांत सांगायचे, आणि मग गप्प बसायचे, असा नियम आहे. पहिले दोन भाग सगळे पाळतात. तिसरा फक्त शिक्षिकाबाई पाळतात.

तीन मिनिटांची तबकडी

वाचक म्हणतील, उत्तम ध्वनिमुद्रिका मिळत असताना ही खरखरीत फीत कशाला? याचे उत्तर आपल्या संगीताच्या स्वभावातच आहे. 1902 साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे पहिल्यांदा तबकडीवर उतरले तेव्हा त्यांना जेमतेम तीन मिनिटे मिळाली. तेवढ्यात राग उभा करायचा, तान घ्यायची आणि शेवटी आपले नावही सांगायचे. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, आणि तिथल्या कारागिरांना ही तबकडी कुणाची हे कळायला हवे होते. त्या तीन मिनिटांत थोर कलावंतांनी चमत्कार केले हे खरेच. पण तो अत्तराचा फाया झाला, बाग नव्हे.

ख्यालगायक राग मांडतो तो त्या रात्री, त्या तबलजीबरोबर, समोरच्या माणसांचे चेहरे पाहत. कालचा मालकंस आज नसतो. पंडित भीमसेन जोशी यांची एकाच रागाची चार मुद्रणे शेजारी शेजारी ठेवून ऐकावीत. एकीत ते वादळासारखे शिरतात, तर दुसरीत मंद्र सप्तकातून बाहेर पडायलाच तयार नसतात. मल्लिकार्जुन मन्सूर, कुमार गंधर्व, किशोरी आमोणकर, कुणाचेही घ्या. रसिकांचा वाद “मोठे कोण” असा कमी आणि “अमक्या रात्रीचा यमन मोठा की तमक्या रात्रीचा” असा अधिक रंगतो.

हे वेड फक्त आपलेच नाही. अमेरिकेत ग्रेटफुल डेड नावाचा एक वाद्यवृंद 1965 पासून 1995 पर्यंत वाजवीत असे. त्यांचेही तेच. एकच गाणे रोज निराळे, आणि मूळ चालीतून बाहेर पडून अर्धाअर्धा तास नुसता विस्तार. त्यांचे चाहते प्रेक्षागृहात मायक्रोफोनच्या काठ्या उभारून बसत. इतर मंडळी अशांना हुसकून लावीत, पण या वृंदाने 1984 साली त्यांच्यासाठी वेगळी जागाच राखून दिली. अट एकच. फिती वाटा, अदलाबदल करा, पण विकू नका. 8 मे 1977 रोजी कॉर्नेल विद्यापीठात झालेल्या त्यांच्या कार्यक्रमाचे मुद्रण असेच हातोहात फिरत राहिले आणि पुढे अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जपून ठेवण्याजोग्या राष्ट्रीय मुद्रणांत त्याची नोंद केली. हे मी एका शुक्रवारी सांगितले तेव्हा पोस्टमास्तर म्हणाले, “म्हणजे आपली जात तिकडेही आहे तर!”

प्रतीची प्रत

साठ आणि सत्तर सालांच्या सुमारास हे काम श्रीमंती होते. मोठ्या चकत्यांचा स्पूल टेपरेकॉर्डर उचलायला दोन माणसे लागत. सात इंची चकतीवर बाराशे फूट फीत मावे, आणि ती सेकंदाला पावणेचार इंच या वेगाने फिरवली तर एका बाजूला सुमारे चौसष्ट मिनिटे मिळत. दुप्पट वेगाने फिरवली तर आवाज सुरेख, पण वेळ अर्धा. फिलिप्स कंपनीने 1963 साली आणलेली छोटी कॅसेट आपल्याकडे रुळली आणि मैफल मध्यमवर्गाच्या पिशवीत शिरली. नव्वद मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटे. गवयाला ते कुठे ठाऊक? तो विलंबितात रमलेला असतो, आणि नेमका समेच्या तोंडाशी ‘खट्’ असा आवाज होतो. आमच्या पिढीने कितीतरी सुंदर तानांचा उत्तरार्ध कल्पनेनेच ऐकला आहे.

पुण्याच्या आलूरकर म्युझिक हाऊससारख्या प्रेमी प्रकाशकाने अशा काही मैफली कॅसेटरूपाने बाहेर काढल्या आणि महाराष्ट्रावर उपकार केले. बाकीचे सारे हातोहात चाले. प्रतीची प्रत, तिची प्रत. दर पिढीला सूं-सूं वाढायची आणि तंबोरा पुसट व्हायचा. वेगाचा घोटाळा तर ठरलेलाच. दोन यंत्रांच्या वेगात शेकडा सहाचा फरक पडला की सूर अर्ध्या पट्टीने सरकतो. पांढरी एकमध्ये गाणारे बुवा काळी एकमध्ये गाऊ लागतात, जरा घाईत असल्यासारखे. वकीलकाकांकडे एक बाजाची पेटी आहे ती यासाठीच. गायकाची नेहमीची पट्टी माहीत असली की पेटीवर सूर धरून फीत खरी की खोटी हे ठरवता येते.

या व्यवहाराला एक नीती होती. पैसे घ्यायचे नाहीत. कोरी कॅसेट द्यायची आणि भरलेली घ्यायची. कोणाकडून आली ते विसरायचे नाही. आणि कलावंताची इच्छा मानायची. केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत हात फार राखून असत. नशिबाचा खेळ असा, की त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, आणि दुसरे यान निघाले त्यानंतर अकरा दिवसांनी बाईंनी देह ठेवला. चोरून मुद्रण करणाऱ्यावर चिडणाऱ्या कलावंतांचे काही चुकत नसे. आवाज त्यांचा, कष्ट त्यांचे. 1994 सालच्या दुरुस्तीने कलावंताचा हा हक्क आपल्या कायद्यातही आला.

माझा अपराध

आता माझ्याच घरची गोष्ट सांगतो. ती सांगायची म्हणूनच हा लेख लिहायला घेतला.

माझे वडील मालेगाव कॅम्पात राहणारे साधे कारकून. पगार बेताचा, पण गाण्याचे वेड मोठे. 1984 सालच्या कोजागिरीला नाशिकला एका वाड्यात एका बुवांची घरगुती बैठक होती. बुवांचे नाव मी इथे देत नाही. त्यांनी परवानगी दिली होती ती घरी ऐकण्यापुरती, छापण्यापुरती नव्हे. वडील एस.टी.ने नाशिकला गेले, मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन. विलंबित एकतालातला बागेश्री, मग तराणा, शेवटी भजन. परत आल्यावर त्यांनी कॅसेटच्या पाठीवरचे दोन्ही कान मोडले. हे कान मोडले की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही.

येत नाही असे नव्हे. कानांच्या जागी कागदाचा बोळा कोंबला की येते. हे ज्ञान मला 1991 साली, वयाच्या बाराव्या वर्षी, वर्गातल्या एका मित्राकडून मिळाले. घरात कोरी कॅसेट नव्हती आणि रेडिओवर त्या वर्षी गाजलेल्या चित्रपटाची गाणी लागली होती. संध्याकाळी वडिलांनी कॅसेट लावली. बागेश्रीच्या जागी भलतेच वाजू लागले. त्यांनी पूर्ण एक गाणे ऐकले, यंत्र बंद केले आणि मला जवळ बोलावले. मी मार खायच्या तयारीने गेलो. ते एवढेच म्हणाले, “एक प्रत आहे. भिवंडीला दिलेली आहे.” मुलगी भिवंडीला दिली आहे, अशा सुरात.

मला ती समजूत वाटली. 2003 साली वडील गेले. ती प्रत कोणाकडे होती, हे मी त्यांना कधी विचारलेच नाही. विचारायचे म्हणजे अपराध पुन्हा काढायचा.

2019 साली एका शुक्रवारी साधारण माझ्याच वयाचे एक गृहस्थ दारात उभे राहिले. त्यांचे वडील पूर्वी मालेगावात मागांचे मिस्त्री होते. तेव्हा मला आठवले. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. माग दुरुस्त करणारा त्यांचा हात टेपरेकॉर्डरही दुरुस्त करी. तुटलेली फीत ते तिरकी कापून अशी सांधत, की जोड ऐकू येत नसे. त्यांना कव्वालीचा नाद. शकीला बानो भोपाली, युसूफ आझाद यांच्या मुकाबल्यांच्या कॅसेटी त्यांच्याकडून आमच्याकडे येत आणि आमच्याकडून ख्याल त्यांच्याकडे जाई. पुढे कामासाठी ते भिवंडीला गेले. ते वारल्यावर मुलाने ट्रंक उघडली तेव्हा एक कॅसेट निघाली. तिच्यावर माझ्या वडिलांचे वळणदार अक्षर होते. गायक, राग, ताल, ‘नाशिक, कोजागिरी 1984’, आणि खाली, ‘मिस्त्रींसाठी’.

“अब्बा ये किसी को हाथ लगाने नहीं देते थे,” ते म्हणाले. “बोलते थे, साहब की अमानत है.”

त्या रात्री माडीवर आम्ही ती लावली. सूं-सूं भरपूर, पण बागेश्री होता. पेटीवर सूर धरला तर बुवा अर्ध्या पट्टीने वर. पंचेचाळिसाव्या मिनिटाच्या सुमारास बुवा निषादावर थांबले, आणि अगदी मायक्रोफोनजवळ कोणीतरी कुजबुजले, “अरे, संपली वाटतं.” आणि खट्.

आवाज बारीक होता, एखाद्या पोरासारखा. मी ओळखला नाही. पुतण्याने संगणकावर वेग शेकडा सहाने उतरवला आणि तो तुकडा पुन्हा लावला. बुवा आपल्या पट्टीत आले. आणि ते तीन शब्द माझ्या वडिलांच्या आवाजात आले. फीत संपत आली म्हणून धास्तावलेले, आणि गाणे मोडू नये म्हणून दबलेले. आमच्या घरात त्यांच्या आवाजाचे दुसरे मुद्रण नाही.

माडीवर कोणी बोलले नाही. पोस्टमास्तरसुद्धा.

पुतण्या म्हणाला, श्रोत्यांचे आवाज पुसून गाणे स्वच्छ करता येईल. मी म्हटले, वेगळी प्रत कर हवी तर, पण मूळची तशीच राहू दे. दुसऱ्या बाजूला तराण्यात बुवांचा आवाज फाटतो. ते थांबतात, हसतात, पाणी पितात, पुन्हा उचलतात. ती बाजू चारचौघांत फिरवावी की नाही यावर आमच्यात तीन शुक्रवार वाद झाला. अखेर एक प्रत बुवांच्या घरी पाठवली आणि निर्णय त्यांच्यावर सोपवला. त्यांच्या घरून उत्तर आले, की हे मुद्रण त्यांच्याकडे नव्हतेच. तराणा आमच्यातच राहावा, बागेश्री खुशाल ऐकवावा. आम्ही तसेच करतो. भिवंडीला मात्र दोन्ही बाजू गेल्या. ती अमानत त्यांचीच होती.

माळ्यावरचा डबा

दिवाळीच्या साफसफाईत तुमच्याही माळ्यावरून एखादा डबा खाली आला असेल. त्यात कॅसेटी असतील, काहींवर नाव असेल, काहींवर नसेल. भंगारवाल्याला देण्यापूर्वी एवढे करा. घरातल्या सर्वांत वडील माणसाला शेजारी बसवून, हे काय आहे, कुठले आहे, असे विचारा आणि कागदावर लिहून डब्यात ठेवा. गौहरजान यांनी आपले नाव सांगून ठेवले, आपल्या फिती मुक्या आहेत. बुरशी दिसली तर यंत्रात घालू नका, आधी जाणत्याला दाखवा. ज्याला यातले कळते त्याच्याकडून संगणकावर उतरवून घ्या. आणि उतरवून झाले की एक प्रत दुसऱ्याला द्या. ज्याला गाण्याचे वेड आहे अशा माणसाला द्या, मग तो गावातला असो वा परगावचा, आपल्यातला असो वा दुसऱ्या मोहल्ल्यातला.

वडिलांनी कान मोडून कुलूप लावलेली फीत माझ्या हातून गेली. त्यांनी देऊन टाकलेली तेवढी राहिली.